खालच्या पट्टीतली घरं

४ एप्रिल

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. सगळं म्हणजे मी आणि चार गाई. त्यातली म्हातारी अजून आहे, जिच्याकडे बघून तू दर वेळी म्हणतोस, 'ताई, ही अजून विकली नाहीस?' नाही विकली. तिलाही कळवलंय की तू चौकशी करत असतोस.

तू फोन उचलत नाहीस. चुकून उचललास तर 'ताई, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस. फरशीच्या दुकानात कसल्या रे एवढ्या मीटिंगा? म्हणून लिहायला बसले. दूधवाला रोज तुमच्या कॉलनीत येतोच, त्याच्या हाती देते. तो म्हणाला, 'ताई, मला आता पोस्टमनचाही पगार द्या.' त्याला चहा दिला आणि गप्प केलं.

बाबा कसे आहेत? डाव्या हातात जोर येतोय का? व्यायाम करून घेणारी मुलगी अजून येते की तिलाही तू घासाघीस करून पळवलीस? त्यांना भरवताना घाई करू नकोस, ठसका लागतो. तुला घाईची सवय आहे. लहानपणी उभ्या उभ्या जेवायचास आणि पळायचास.

एक विचारायचं राहून जातंय. बाबांच्या खोलीतल्या भिंतीचा रंग खालून फुगलाय का रे? जमिनीपासून वीतभर, खिडकीच्या बाजूला. बोटाने दाबून बघ. आणि सकाळी अनवाणी पाय ठेवला की फरशी घामेजल्यासारखी लागते का? फरशी तुझ्याच दुकानातली आहे, तुला राग येईल. पण मी फरशीला नावं ठेवत नाही.

बाबांना वरच्या मजल्यावर हलव. जिना अवघड आहे, न्हाणीघर खाली आहे, सगळं मान्य. पण वर वारा येतो आणि उन्हाळा आहे. दुकानातली दोन माणसं बोलाव आणि खुर्चीसकट उचलून ने. वाटलं तर मी येते. मी आलेलं तुला चालणार असेल तर.

बाबा मोटरबद्दल विचारतात का? विचारलं तर 'चालू आहे' म्हण. त्यांना झोप लागेल. इथे असताना पंपाच्या आवाजाशिवाय त्यांचा डोळा लागत नसे, आठवतंय ना?

इकडे हल्ली फार शांत वाटतं. बाकी विशेष काही नाही.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. पत्राचं उत्तर दे. दोन ओळी चालतील.

तुझी,
ताई


२१ एप्रिल

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तुझ्या दोन ओळी मिळाल्या. मी दोन म्हटलं तर तू खरंच दोनच लिहिल्यास, तेही बिलाच्या पाठीमागे. 'भिंती ठणठणीत आहेत. बाबा दिवसभर मोटर बंद झाली, मोटर बंद झाली म्हणून बडबडतात, डॉक्टर म्हणतात डोक्यावर परिणाम झालाय, तू त्यात भर घालू नकोस.'

बाबांच्या डोक्यावर काही परिणाम झालेला नाही. मोटर खरंच बंद झाली आहे.

मागच्या पत्रात लिहिलं नाही. लेखणी उचलली आणि गाईंबद्दल लिहीत बसले. पंपघराला सील लागून महिना होत आला. तपासनीस बाई आल्या, दाराला साखळी घातली, लाखेचा शिक्का मारला. मला म्हणाल्या, 'मावशी, माझा नाइलाज आहे.' बाई वाईट नाहीत. माझ्या हातचा चहा प्यायल्या आणि जाताना कप विसळून ठेवला. पण शिक्का तो शिक्का.

तुला यातलं सगळं माहीत आहे. तुझ्या बायकोला नाही. ती इथली नाही आणि तू तिला सांगितलं नसणार, म्हणून पुढचं तिच्यासाठी लिहिते. तू कंटाळा केलास तरी हे पत्र तिच्या हातात दे.

अगं, ऐक. तुमचं घर आहे ती जागा नदीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. दिसत नाही, कारण मध्ये मातीचा बांध आहे. तो सगळा भाग म्हणजे आमची खालची पट्टी. एके काळी तिथे नुसती दलदल होती. आमच्या आजोबांच्या पिढीने जमिनीच्या पोटात चर खणले, त्यात भाजलेल्या मातीचे नळ घातले. सगळ्या चरांचं तोंड एकाच मोठ्या चरात आणि तो मोठा चर आमच्या बांधाशी असलेल्या खड्ड्यात. तिथून पंपाने पाणी उचलायचं आणि बांधावरून नदीत टाकायचं. हे रोज. लग्न असो, मयत असो, पंप चालू राहायचा. घराघराची पाळी लावलेली होती. ज्याची पाळी त्याने त्या दिवशी गावाबाहेर जायचं नाही. वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून चर साफ करायचे. तुझा नवरा त्या नळांत हात घालून बेडूक काढायचा आणि माझ्या मानेवर सोडायचा. विचार त्याला.

मग शेतीखात्याचा नियम आला. नियम वाईट होता असं मी म्हणणार नाही. आम्ही खतं, औषधं टाकायचो ती सगळी चरांतून खड्ड्यात आणि पंपातून नदीत जायची. नदी हिरवी झाली होती. खालच्या शहरात लोक ते पाणी पीत होते. आमच्या बाजूलाही पोरांच्या अंगावर पुरळ उठायचं, मासे पोट वर करून तरंगायचे. ते कुणी तरी थांबवायलाच हवं होतं. तर नियम असा की खालच्या पट्टीत खत नाही, औषध नाही, आणि शेतीचं पाणी पंपाने नदीत टाकायचं नाही. जो शेती सोडेल त्याला दर वर्षी भरपाई. जमीन हळूहळू पुन्हा दलदल होईल, पक्षी येतील, पाणी आपोआप गाळलं जाईल. साहेबांनी शाळेत येऊन चित्रं दाखवली. बगळ्यांची फार सुंदर चित्रं होती.

पक्षी आलेही. दोन-तीन वर्षं असा किलबिलाट होता की काय सांगू. पण पुढे भरपाई बंद पडली. ज्यांनी शेती सोडली त्यांना परत ती करता येईना आणि नुसत्या बगळ्यांवर कुणाचं पोट भरत नाही. आणि नेमकं त्याच वेळी शहराला जागा हवी होती. वर टेकडीवर जायचं तर तिथल्या बागा म्हणजे उत्तम शेतजमीन, तिला हात लावायचा नाही, हाही शेतीखात्याचाच नियम. मग शहर उताराने खाली आलं. पट्टीत खत टाकायला बंदी होती, घर बांधायला नव्हती. शेती एका खात्याची आणि घरं दुसऱ्या खात्याची. एका खात्याने जमीन मोकळी करून दिली आणि दुसऱ्याने ती भरून टाकली. बिल्डर तर जाहिरातीत लिहायचा, 'रसायनमुक्त जमिनीवर स्वच्छ राहणी.' वाचून मला हसू आलं होतं.

तुझ्या नवऱ्याने त्याचा वाटा दिला आणि बदल्यात तुमचं घर घेतलं. मी दिला नाही. आमचं बिनसलं ते तेव्हापासून, आता तुला कळलं असेल. तुमचं घर तिसऱ्या टप्प्यात आहे. पहिल्या टप्प्यात भराव पुरुषभर टाकला होता, तिसऱ्यात गुडघाभर. आणि ते घर आमच्याच शेतात आहे, जिथे उन्हाळ्यातसुद्धा गाई जाऊन बसायच्या, कारण तिथली माती कधी सुकत नसे.

आता मुद्द्याचं. पंप बंद करायचा हुकूम होता, तरी तो मी इतकी वर्षं चालवला. जनावरांना लागेल तेवढं पाणी उपसायची मला परवानगी होती. चार गाई किती पितात? मी सगळ्या पट्टीचं पाणी उपसत होते. पाळीची माणसं सगळी गेली, म्हणून रोजची पाळी माझी. साहेब लोकांनी डोळ्यावर कातडं ओढलं होतं. कशाला करत होतीस असं विचारशील. चर अजून जमिनीच्या पोटात आहेत, घरांच्या खाली. पाणी अजून त्यांतूनच माझ्या खड्ड्यात येतं. मी ते काढलं नाही तर ते मागे सरकत जातं आणि तुमच्या पायाखाली उभं राहतं. तुम्ही तिथे राहायला गेलात, बाबांना नेलंत, मग मी पंप कसा बंद करणार होते?

आता तो बंद आहे. खड्डा काठाकडे चढत चाललाय. नदी फुगायचे दिवस यायचे आहेत अजून.

बाबांना वर हलवा. कृपा करा.

ताई


९ मे

धाकट्या,

पत्र तुझ्याच हातात दिलं, असं दूधवाला म्हणतो. तू वाचलंस, घडी घातलीस आणि खिशात ठेवलंस. म्हणजे तुझ्या बायकोला दिलं नाहीस. ठीक आहे.

मग आता तुझ्याशीच बोलते आणि जे दोन्ही पत्रांत टाळलं ते लिहिते. पंपाची तक्रार कुणी केली ते मला ठाऊक आहे. तपासनीस बाईंनी नाव सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. त्या एवढंच म्हणाल्या की तक्रार कॉलनीच्या कमिटीकडून आली आहे, अध्यक्षांनी स्वतः ऑफिसात येऊन सांगितलं, आवाजाचा त्रास होतो, लोकांना झोप लागत नाही, आणि एक बाई बेकायदा पाणी नदीत टाकते. अध्यक्ष कोण हे मला कुणी सांगायला नको होतं. मागे तू अध्यक्ष झालास तेव्हा मी इकडे गाईंच्या कानात सांगितलं होतं.

'एक बाई.' हे वाक्य घेऊन मी फिरतेय. गोठ्यात शेण काढताना, दूध काढताना, डोक्यात तेच. राग आला होता, खोटं कशाला बोलू? दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात असं काही भांडले की म्हातारी गाय बिचकली.

मग राग ओसरला आणि भीती वाटायला लागली. तू विसरला असशील असं मी धरून चालले होते. पण तू कसा विसरशील? बाबांच्या मागोमाग पाळीला तूही यायचास. एकदा पट्टा तुटला आणि पंप बंद पडला, तेव्हा सकाळी शेतात पाणी कसं वर आलं होतं ते तू पाहिलंयस. तुला सगळं कळतं. तरी तू तक्रार केलीस, म्हणजे पंप आहे, तो लागतो, ही गोष्टच तुला लोकांच्या कानावर जायला नकोय. चौथ्या टप्प्याची घरं विकायची आहेत आणि त्या सगळ्या घरांना फरशी तुझ्या दुकानातून जायची आहे. घोडं तिथे पेंड खातंय. माझं चुकत असेल तर सांग. चुकलं असेल तर मला आनंदच होईल.

हे बघ, तक्रारीचं जाऊ दे. मी ते मनात ठेवणार नाही. मी अर्ज केलाय, सुनावणी येत्या गुरुवारी आहे. मी एकटी बोलले तर काही उपयोग नाही, मी म्हणजे नियम मोडणारी बाई. तू ये. कमिटीचा अध्यक्ष म्हणून नुसतं एवढं म्हण की पंप लागतो. तेवढ्यावर मोठे साहेब सील काढतील, बाईंनी तसं सुचवलंय. घरांच्या किमती उतरतील, तुझं दुकान काही दिवस मंद चालेल. माझी सहा एकर विकून तुझं भरून देते. ज्या जमिनीवरून आपलं बिनसलं ती देते म्हणतेय, यावरून काय ते समज.

आणि एक. चौथ्या टप्प्यासाठी भराव टाकणारे ट्रक दिवसभर जातात इथून. मोठा चर तिकडूनच येतो. ड्रायव्हरला थांबवून विचारलं की खाली नळ आहेत, माहीत आहे का. तो म्हणाला, 'ताई, आम्हाला माती ओतायला सांगितलंय, खाली बघायला नाही.' चांगला माणूस होता, बिडी बाजूला ठेवून बोलला. तू बिल्डरला सांग. त्याच्याशी तुझी ऊठबस आहे.

गुरुवारी ये.

ताई


१८ मे

धाकट्या,

आलास. कमिटीतले दोघं बरोबर होते आणि अंगात नवा शर्ट होता. मला बघून मान हलवलीस, बँकेत ओळखीचं माणूस दिसलं की हलवतात तशी.

खोली छोटी होती. टेबलावर काच, काचेखाली कुणाच्या तरी मुलांचे फोटो, पंखा फिरताना टक टक करत होता. मी माझं सांगितलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं, हे त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. मग म्हणाले, 'घरांच्या खाली काय आहे ते बघणं आमच्या खात्याचं काम नाही. आणि नगररचनावाले म्हणतात, शेतीचे चर आमच्याकडे येत नाहीत.' मी म्हटलं, 'साहेब, पाणी कुठल्या खात्यात आहे हे पाण्याला कुणी विचारलंय का?' ते हसले. सगळेच हसले. तू हसला नाहीस.

मग त्यांनी तुला विचारलं. तू उभा राहिलास आणि म्हणालास, 'आमच्या कॉलनीत पाण्याचा काही प्रश्न नाही साहेब. प्रश्न आवाजाचा आहे.'

मी तुझ्याकडे बघत नव्हते, खाली बघत होते. तुझे बूट दिसत होते. काळे, पॉलिश केलेले, आणि टाचेच्या वर सगळीकडून पांढरी रेघ. ती रेघ कशाने येते हे मला कुणी शिकवायला नको. बूट ओल्या जमिनीवर उभे राहिले, सुकले, परत ओले झाले की कातड्यावर मीठ फुटतं. खालच्या पट्टीतल्या प्रत्येक माणसाचे जोडे असेच असायचे. बाबांचेही होते. तू ते बूट घालून तिथे उभा होतास आणि म्हणत होतास, पाणी नाही.

सील कायम राहिलं. तपासनीस बाई जिन्यात भेटल्या. त्यांनी माझा हात धरला आणि सोडला.

बाहेर तू मला गाठलंस. 'ताई, बाबांना मी कधीच वर हलवलंय. तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात. आता तरी झालं ना समाधान?' खरं सांगते, त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं की मी तुझा शर्ट नीट केला. घरी येईपर्यंत ते बरं वाटणं टिकलं. मग दूधवाला आला. त्याला म्हटलं, 'बाबा वर आहेत, माझ्या धाकट्याने ऐकलं माझं.' त्याने सायकल स्टँडला लावली. मग म्हणाला, 'ताई, खालची खोली त्यांनी भाड्याने दिलीय. दवाखान्यातल्या नर्सबाईंना. त्यांचं बाळ अजून रांगतं.'

म्हणजे तू माझं ऐकलंस, पण अर्धं ऐकलंस. ज्या खोलीत बाप ठेवायला तुला भीती वाटली, ती खोली रंग लावून दुसऱ्याला दिलीस. रंग नवा आहे ना? दूधवाला म्हणाला, खिडकीखाली छान निळा रंग दिलाय, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत.

मी या पत्रात भांडायचं नाही असं ठरवलं होतं. ठरवलेलं राहिलं बाजूला. तुला वाढवताना आम्ही कुठे कमी पडलो हे मला खरंच कळत नाही. तू वाईट नव्हतास. दुसऱ्याच्या पाळीला पंप बंद पडला तर स्वतःचं जेवण टाकून धावणारा पोरगा होतास तू.

आणि एक लक्षात ठेव, वरची खोली खालच्या भिंतींवरच उभी असते. भरावाची माती भिजून बसली की वरचा काय आणि खालचा काय.

आणखी एक गोष्ट आहे. गेल्या आठवड्यापासून खड्ड्यातलं पाणी वाढायचं थांबलंय. काठाला होतं तिथेच आहे. मला आधी हायसं वाटलं. मग मनात पाल चुकचुकली. वर अवकाळी पाऊस झाला म्हणून धरणाचे दरवाजे परवाच उघडलेत, नदी बांधाच्या निम्म्यावर आलीय, आणि खड्डा मात्र जिथल्या तिथे. असं कधी झालेलं नाही. मी तीनदा जाऊन बघून आले. पाण्यावर एक तरंग नव्हता.

नर्सबाईंना सांग. आजच सांग. तू सांगितलंस तर तुझं भाडं बुडेल, बाकी काही होणार नाही.

ताई


२१ मे

सील मी तोडलं. दुपार कलल्यावर गाई सोडल्या, हातोडा घेतला आणि तोडलं. तपासनीस बाईंना फोन करून सांगितलं, 'मी तोडलंय, नोंद करा.' त्या म्हणाल्या, 'मावशी, जमीन जाईल तुमची.' म्हटलं, 'जाऊ दे.' मग त्याच म्हणाल्या, 'चालू करा. मी सगळ्यांना फोन लावत बसते.' कुणाकुणाला लावला देव जाणे. अजून तरी इकडे कुणी फिरकलेलं नाही.

धाकट्या, पंप चालू झाला. पहिल्याच झटक्याला. बाबांनी एवढ्या मायेने त्याला तेल घातलंय, तो दगा देणार नाही हे मला माहीतच होतं. पाणी धो धो नदीत पडायला लागलं आणि मी रडायला लागले. म्हटलं, वेळेवर झालं. तुला शिव्या दिल्या, त्या सगळ्या परत घेतल्या.

चहा ठेवायला आत गेले. एरवी दिवसभर उपसलं तरी खड्ड्याचा तळ दिसत नाही. मी कप घेऊन बाहेर आले तर तळ दिसत होता. मोठ्या चराच्या नळाचं तोंड उघडं पडलं होतं आणि त्यातून थेंब येत नव्हता. मी खाली उतरले. नळात हात घातला. खांद्यापर्यंत घातला. आत माती आहे. चिकट, पिवळी, ट्रकने आणलेली माती. चौथ्या टप्प्याखाली नळ चेपलाय आणि भराव आत ओढला गेलाय.

म्हणून खड्डा भरत नव्हता. पाणी इकडे यायचंच थांबलंय. नदी वर चढतेय, बांधाखालून झिरपतेय, आणि सगळं पाणी तिकडे थांबलंय, तुमच्याखाली. किती दिवसांचं, मला अंदाज नाही. मी पंप कितीही चालवला तरी आता त्यातलं घोटभरसुद्धा काढू शकत नाही.

पंप मी बंद केलेला नाही. कोरडा फिरतोय, जळेल थोड्या वेळाने. बाबांना आवाज येत असेल. त्यांना वाटेल सगळं ठीक आहे. त्यांना तसंच वाटू दे.

तुझा फोन लागत नाही. कॉलनीतल्या दोघांना लावला, त्यांनी माझं नाव ऐकून ठेवून दिला. एक जण म्हणाला, 'अध्यक्षांनी सुनावणीत सांगितलंय ना, पाणी नाही म्हणून.' त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे. माझ्यावर कुणी कशाला ठेवेल?

दूधवाला संध्याकाळचं दूध घेऊन निघालाय, त्याची सायकल थांबवून हे लिहितेय, अक्षर समजून घे. मी मागोमाग ट्रॅक्टर जोडून येते. ट्रॉलीत गाद्या टाकल्या आहेत. बाबांना मी उचलेन, माझ्या अंगात तेवढी ताकद आहे, तू त्यांच्यापाशी थांबू नकोस. तुझ्या बायकोला माझ्याबरोबर पाठव. इथे टेकडीच्या बाजूला गोठा आहे, घर आहे, मावतील तेवढी माणसं मावतील, उरलेल्यांना बागवाल्यांकडे सोय करते.

तू तुमच्या तिसऱ्या टप्प्यातून फिर. घरोघर जा आणि सांग की खाली पाणी आहे, सुनावणीत तू खोटं बोललास, आणि आत्ताच्या आत्ता बाहेर पडा. हे तुझ्याच तोंडून यायला हवं. मी ओरडून सांगितलं तर दारं लावून घेतील. तू सांगितलंस तर पोरांना कडेवर घेऊन धावत सुटतील. तुझं दुकान जाईल, अध्यक्षपद जाईल, लोक अंगावर येतील, कदाचित मारतील. मारू देत. मार खाता खाता पुढच्या दारावर जा.

पहिलं दार तुझ्या खालच्या खोलीचं.

ताई